शंभर बिया आणि एक शून्य

(जालना येथे अभियांत्रिकी पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांना संगणकाच्या आज्ञावलीविषयी चार शब्द सांगावेत, असे निमंत्रण जेव्हा माझ्या हाती आले, तेव्हा ते चुकीच्या कार्यालयात आले असावे असेच मला प्रथम वाटले. मी माहिती खात्यातला मनुष्य. शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर. पीकपाण्याची परिस्थिती, पाणीटंचाई, शासनाच्या योजना, मंत्रिमहोदयांचे दौरे यांची वृत्ते लिहिणे हा माझा व्यवसाय. या विषयाचे जाणकार अध्यापक तुम्हांला उद्यापासून वर्गात भेटणारच आहेत. ही शंका मी प्राचार्यांपाशी बोलून दाखविली, तेव्हा ते म्हणाले, "ज्याला हा विषय आरंभी मुळीच समजला नाही आणि पुढे समजला, असाच मनुष्य आम्हांला हवा आहे." या अटीत मी पुरेपूर बसतो, म्हणून येथे उभा आहे.

पदवीच्या अखेरच्या वर्षी मी एका खाजगी वर्गात संगणकाचे शिक्षण घेतले होते. एका यंत्रापुढे आम्ही तिघे बसत असू. शिक्षक फळ्यावर आज्ञावली लिहीत, आम्ही ती वहीत उतरवून घेत असू, वहीतून यंत्रात उतरवीत असू आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करीत असू. प्रमाणपत्र मिळाले, गुणही चांगले पडले. मात्र त्या ओळींपैकी एकही ओळ तेथे का आहे, हे मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते. हा आपला प्रांत नव्हे, अशी समजूत मी करून घेतली आणि ती पंधरा वर्षे निष्ठेने जपली. आज या सभागृहात जिल्हा परिषदेच्या शाळांतून, मराठी माध्यमातून आलेले पुष्कळ विद्यार्थी आहेत. पहिल्या सहामाहीतच अशी समजूत करून घेणारे त्यांच्यात कोणी निघू नये, एवढ्यासाठी मी बोलणार आहे.

तुमच्यापैकी कोणी स्थापत्य शाखेत असेल, कोणी यंत्र अभियांत्रिकीत, कोणी विद्युत शाखेत. आम्हांला पूल बांधायचे आहेत, मग आज्ञावली कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर फार लांब जाऊन शोधावे लागणार नाही. येथील औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या सळ्या तयार करणारे कारखाने आहेत. भट्टीचे तापमान आणि सळईची जाडी यांवर आजच्या कारखान्यात नजर ठेवतात त्या यंत्रणा कोणीतरी लिहिलेल्या आज्ञावलीवर चालतात. तथापि मी तुम्हांला भट्टीजवळ नेणार नाही. मी तुम्हांला शेतात नेणार आहे.

गोणपाटावरील शंभर दाणे

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. पण बियाण्यांचे गाव म्हणून जालन्याचा लौकिक त्याहून जुना आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथेच महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनीची, म्हणजे आपण सारे जिला महिको म्हणतो तिची, स्थापना केली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेले तुरीचे वाण मराठवाड्यातल्या शेतांत पोहोचले आहेत. तेव्हा बी म्हणजे काय आणि ते उगवले नाही तर घरावर काय प्रसंग ओढवतो, हे तुम्हांला मी सांगावयास नको.

पेरणीपूर्वी घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती तपासून पाहावी, असे आवाहन कृषी विभाग दरवर्षी करतो आणि त्याची वृत्ते आमच्या कार्यालयातून जातात. कृती तुमच्यापैकी अनेकांनी घरी पाहिलेली असेल. गोणपाटाचा तुकडा ओला करावा, त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडावेत, वरून दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून ओलसर राखावी आणि सहा-सात दिवसांनी उघडून कोंब आलेले दाणे मोजावेत. उगवण सत्तर टक्के वा त्याहून अधिक असेल तर एकरी ३० किलो बियाणे पुरे. त्याखाली जितके टक्के कमी, तितका प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो जादा. साठ टक्क्यांच्याही खाली उगवण असेल तर ते बियाणे पेरूच नये.

मित्रहो, हीच आज्ञावली होय. तुम्ही हिला प्रोग्रॅम म्हणा किंवा कोडिंग म्हणा. काय हाती घ्यावयाचे, कोणत्या क्रमाने काय करावयाचे, कोणती गोष्ट किती वेळा करावयाची, कोठे थांबून विचारावयाचे आणि उत्तराप्रमाणे कोणत्या वाटेने जावयाचे, हे सारे या चार वाक्यांत आहे. संगणकशास्त्रात याला मोठमोठी नावे आहेत, ती तुम्हांला वर्गात कळतील. ही कृती सांगणाऱ्या तुमच्या आजोबांना ती नावे ठाऊक नव्हती, इतकेच.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, तुमचे आजोबा सांगतात तेव्हा ऐकणारा मनुष्य असतो. "कोंब आलेले दाणे मोज" म्हटले की नातू विचारतो, "हा अर्धवट कोंब धरायचा का? याला बुरशी आली आहे, हा मोजायचा का?" संगणक असे काही विचारीत नाही. तुम्ही जे सांगाल ते, तसेच आणि तेवढेच तो करील. सांगताना जे आपण गृहीत धरले, ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

हा धडा मी संगणकाकडून शिकण्याआधी एका शेतकऱ्याकडून शिकलो. उगवणशक्तीच्या एका वृत्तात मी "उगवण सत्तर टक्क्यांच्या वर असल्यास" असे लिहून बसलो होतो. वृत्त प्रसिद्ध झाले त्याच दिवशी दूरध्वनी आला. "साहेब, माझे बरोबर सत्तर दाणे उगवले आहेत. मी वरचा की खालचा?" मी निरुत्तर झालो. कृषी विभागाच्या मूळ टिपणात "सत्तर किंवा त्याहून अधिक" असे स्वच्छ लिहिले होते, ते मी वाक्य सुटसुटीत करण्याच्या नादात बदलले होते. आज्ञावली लिहिताना "पेक्षा मोठे" आणि "पेक्षा मोठे किंवा समान" यांची दोन निराळी चिन्हे तुम्हांला शिकवतील, तेव्हा त्या शेतकऱ्याची आठवण ठेवा. हा फरक वरकरणी एका चिन्हाचा आहे, पण बरोबर सत्तर दाणे उगवलेल्या माणसाला त्यावाचून उत्तरच मिळत नाही.

शहात्तर उगवले, यंत्र म्हणते शून्य

आता आपण हीच कृती सी या भाषेत लिहून पाहू. ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविली आणि आजही आपल्याकडे अनेक विद्यापीठांत प्रथम वर्षाला तीच शिकवितात. समजा, शंभरापैकी शहात्तर दाणे उगवले. टक्केवारी काढण्याची शाळेतली रीत अशी की, उगवलेल्या दाण्यांना एकूण दाण्यांनी भागावे आणि शंभराने गुणावे. ही रीत जशीच्या तशी लिहून, दोन्ही संख्या पूर्णांक आहेत असे यंत्राला सांगून आज्ञावली चालविली, तर पडद्यावर उत्तर येते शून्य.

शहात्तर हिरवे कोंब समोर दिसत आहेत आणि यंत्र म्हणते, उगवण शून्य टक्के, बियाणे पेरू नका!

येथे बहुतेक नवशिके दोहोंपैकी एक गोष्ट करतात. काही जण यंत्र बिघडले असे म्हणतात. काही जण, मी त्यांतलाच होतो, आपण बिघडलो असे मानतात आणि शेजाऱ्याच्या वहीतून चालणारी आज्ञावली उतरवून घेतात. वास्तविक दोघेही बिघडलेले नसतात. सी भाषेचा नियम असा आहे की, पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर उत्तरही पूर्णांकच घ्यावयाचे आणि दशांश चिन्हापुढचे सोडून द्यावयाचे. शहात्तर भागिले शंभर म्हणजे शून्य पूर्णांक शहात्तर शतांश. त्यातील शून्य राहिले, शहात्तर शतांश गळून पडले. शून्याला शंभराने गुणले, शून्यच आले. यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळली.

उपाय सोपा दिसतो. आधी शंभराने गुणावे, मग भागावे. सात हजार सहाशे भागिले शंभर, उत्तर शहात्तर. आपण सुटलो, असे वाटते. पण बी परीक्षण प्रयोगशाळेत शंभर दाण्यांवर भागत नाही, तेथे शंभराचे चार संच, म्हणजे चारशे बिया घेतात. आपली नवी आज्ञावली तेथे नेली आणि चारशेपैकी ३२८ बिया उगवल्या असे सांगितले, तर उत्तर ८२ टक्के यावयास हवे. आजच्या संगणकावर ते येईलही. परंतु आपल्याकडे वर्षानुवर्षे टर्बो सी नावाचे जे निळ्या पडद्याचे साधन महाविद्यालयांत वापरीत, त्यावर हीच आज्ञावली उत्तर देते उणे ८१.

बियाणे उणे एक्याऐंशी टक्के कसे उगवेल? कारण असे की, त्या साधनात पूर्णांकासाठी सोळा घरांची जागा राखलेली असे आणि तिच्यात ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावत असे. ३२८ ला शंभराने गुणले की ३२,८०० होतात. मापात न मावलेली संख्या फिरून ऋण बाजूने आत येते, ती होते उणे ३२,७३६, आणि तिला चारशेने भागले की उणे ८१. ३२७ बिया उगवल्या असत्या तर दशांश चिन्हापुढचा भाग सोडून उत्तर बरोबर आले असते. एका दाण्याने सारे फिरले. म्हणून "मी तपासून पाहिले, चालते" हे वाक्य आज्ञावलीच्या बाबतीत जपून उच्चारावे. ७६ ला चालते म्हणून ३२८ ला चालेलच असे नाही. आज तीच जागा बत्तीस घरांची असते आणि २१४ कोटींहून अधिक संख्या तिच्यात मावते, पण मर्यादा आहेच.

हा केवळ वर्गातला गमतीचा हिशेब आहे असे कोणास वाटेल, म्हणून एक घटना सांगतो. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधून युरोपच्या आरियान-५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. सुमारे चाळीस सेकंदांत तो मार्ग सोडून वळला आणि फुटून नष्ट झाला. चौकशीत असे दिसून आले की, दिशादर्शक यंत्रणेतील एक मोठी संख्या अशाच सोळा घरांच्या पूर्णांकात भरण्याचा प्रयत्न झाला होता आणि ती मावली नाही. आज्ञावलीचा तो भाग आधीच्या आरियान-४ या अग्निबाणातून घेतलेला होता. तेथे तो वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला होता, कारण त्या अग्निबाणाच्या वेगाने संख्या कधी तेवढी वाढतच नव्हती.

अर्ध्या किलोचे काय होते, हे मी मुद्दामच सांगत नाही. उगवण ६५ टक्के असेल तर एकरी साडेबत्तीस किलो बियाणे हवे. पूर्णांकांच्या आज्ञावलीत त्याचे काय उत्तर येईल, हे घरी जाऊन कागदावर काढून पाहा.

'स्थिती' बिघडली

आता माझी पंधरा वर्षांची समजूत कशी मोडली, ते सांगतो. आमच्या कार्यालयातील जुनी वृत्ते जुन्या पद्धतीच्या मराठी अक्षरसंचात साठविलेली होती. एका संगणकावरील वृत्त दुसऱ्यावर उघडले की त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता सडा पडे. पुढे सर्वत्र युनिकोडचा वापर सुरू झाला आणि जुना मजकूर नव्या रूपात आणण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते हाताने करू लागलो. दोन दिवसांत लक्षात आले की मी तीच ती कृती पुन्हा पुन्हा करीत आहे: हे चिन्ह दिसले की ते लिहावयाचे. मी एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले, डावीकडे जुने चिन्ह आणि उजवीकडे नवे. कार्यालयात नव्यानेच रुजू झालेल्या एका तरुण सहकाऱ्याने कागद पाहिला आणि तो म्हणाला, "साहेब, प्रोग्रॅम तुम्ही लिहिलाच आहे. मी फक्त तो टाईप करतो."

पण रकान्यांनी काम भागेना. ऱ्हस्व वेलांटी आपण हाताने अक्षराच्या डावीकडे काढतो आणि जुन्या संचातही ती अक्षराआधी साठविलेली असे. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. म्हणून मी नियम लिहिला: वेलांटी दिसली की तिला पुढील एका चिन्हापलीकडे न्यावे. 'किती' बरोबर आले, 'दिवस' बरोबर आला, आम्ही खूश झालो. दुसऱ्या दिवशी सहकारी हसत आला, "साहेब, 'स्थिती' बिघडली!" आणि खरोखरच 'पीक-स्थिती' या शब्दाची दैना झालेली होती. वेलांटी अर्ध्या स च्या पाठीशी जाऊन अडकली होती आणि थ बिचारा मोकळा पडला होता. तेव्हा नियम सुधारावा लागला: पुढील चिन्ह अर्धे असेल तर थांबू नये, पूर्ण अक्षर येईपर्यंत पुढे जावे. पंधरा वर्षांपूर्वी फळ्यावरून उतरवून घेतलेली ती "जोपर्यंत तोपर्यंत" जातीची ओळ कशासाठी असते, ते मला त्या क्षणी समजले. ते कळावयास मला गणित लागले नाही, मराठीचे व्याकरण लागले.

तुम्हांला आवडेल असे एक कोडे याच्याशी संबंधित आहे. 'जालना' या शब्दात अक्षरे किती? बालवर्गातले मूल सांगेल, तीन. युनिकोडच्या हिशेबाने ती पाच चिन्हे आहेत, कारण दोन काने वेगळे मोजले जातात. आणि सी भाषेतील लांबी मोजणाऱ्या आज्ञेला, आज सर्वत्र रूढ असलेल्या साठवणुकीच्या पद्धतीत, हाच शब्द दिला तर ती सांगते पंधरा, कारण आपल्या प्रत्येक चिन्हाला तेथे तीन घरे लागतात. तीन, पाच आणि पंधरा ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. तुम्हांला काय मोजावयाचे आहे ते आधी ठरवावे लागते.

इंग्रजीची धास्ती

यावरून मी मूळ मुद्द्याकडे येतो. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी प्रयोगशाळेत मागच्या रांगेत बसतो आणि पडद्यावर चूक दाखविणारी इंग्रजी ओळ आली की गोंधळून जातो. त्याला वाटते, आपले इंग्रजी कच्चे म्हणून हे जमत नाही. मित्रहो, सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित रूपात राखीव शब्द अवघे ३२ आहेत. बत्तीस! आपली मुळाक्षरे याहून अधिक आहेत आणि ती तुम्ही सहाव्या वर्षी शिकलात. या बत्तीस शब्दांत व्याकरणाचे काळ नाहीत, लिंगवचन नाही, अनियमित रूपे नाहीत. चूक दाखविणाऱ्या ओळीही ठरावीक दहा-पंधरा प्रकारच्याच पुन्हा पुन्हा येतात. त्या वहीच्या मागील पानावर अर्थासह उतरवून ठेवा. महिनाभरात त्या तुम्हांला शेजाऱ्यासारख्या ओळखीच्या होतील. ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यावयाचा राहिला तर यंत्र पुष्कळदा पुढच्या ओळीवर बोट ठेवते, एवढे मात्र आताच लक्षात ठेवा. या एका गोष्टीत माझ्या कित्येक दुपारी गेल्या आहेत.

उरलेले शब्द तुमचेच असतात. जी संख्या साठवावयाची तिला नाव तुम्ही देता. ते नाव रोमन लिपीत लिहिले तरी मराठी असावयास कोणाची हरकत आहे? 'एकूण', 'उगवलेले', 'टक्के' अशी नावे ठेवा. यंत्राला त्याचे काही नाही आणि वाचणाऱ्याला अर्थ लागतो. पायथन या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत तर अशी नावे थेट देवनागरीत लिहिता येतात. विचार मराठीत करावा, पायऱ्या कागदावर मराठीत लिहाव्यात आणि शेवटी बत्तीस शब्दांचा आधार घेऊन त्या यंत्राच्या भाषेत उतरवाव्यात, हा क्रम मला हितकर वाटतो. इंग्रजी शिकू नये असे मी म्हणत नाही, ते शिकावेच लागेल. पण आज्ञावली समजण्यासाठी आधी इंग्रजी येण्याची वाट पाहत बसू नये.

या वाटेवर तुम्हांला सोबतीही आहेत. 'लेट अस सी' हे देशभर वाचले गेलेले पुस्तक लिहिणारे यशवंत कानेटकर हे आपल्या नागपूरचे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम सी भाषेचे छोटे छोटे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य देतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ या वर्षापासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी पदवीचे शिक्षण देण्यास मुभा दिली आहे. मुंबईच्याच संस्थेत अध्यापन केलेले अभिराम रानडे यांनी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचा आरंभ तर पडद्यावर चालणाऱ्या एका कासवापासून होतो. कासवाला सांगावयाचे, शंभर पावले पुढे जा, उजवीकडे नव्वद अंश वळ, आणि हे चार वेळा कर. चौरस तयार होतो. मग समभुज त्रिकोण काढावयाचा झाला तर किती अंश वळावयास सांगाल? येथे मी हात वर करावयास सांगितले तर बहुतेक जण साठ म्हणतील, कारण त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा असतो हे आपण शाळेत पाठ केले आहे. कासव साठ अंश वळले तर मात्र त्रिकोण मिटत नाही, अर्ध्या षट्कोनासारखी आकृती उघडीच राहते. त्याला वळावे लागते १२० अंश. का, ते वहीत न पाहता स्वतः कासव होऊन, या सभागृहात चालून पाहावे.

कागद आणि घाई

आपल्या राज्यात संगणकाचा इतिहास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून सुरू होतो. तेथे घडविलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफरॅक' हे नाव दिले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर्गात आज्ञावली शिकविण्याचा प्रारंभ मात्र कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाला. तेथे १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक आला. त्या काळी आज्ञावली छिद्रे पाडलेल्या पत्रांवर नोंदवीत. पत्रांचा गठ्ठा संगणक केंद्रावर द्यावयाचा आणि उत्तरासाठी पुष्कळदा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावयाचे. एक स्वल्पविराम चुकला तर एक दिवस वाया. साहजिकच विद्यार्थी गठ्ठा देण्यापूर्वी कागदावर दहा वेळा ओळ न् ओळ तपासून पाहत.

आज उत्तर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत येते आणि त्यामुळे एक नवीन वाईट सवय जडली आहे. चिन्ह बदलून पाहावे, चालले तर ठीक, नाही तर दुसरे बदलून पाहावे. अशा रीतीने आज्ञावली कधीतरी चालते, परंतु ती का चालली हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसते. मग प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये ती उतरते, मित्राच्या जर्नलमध्ये पोहोचते आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक "ही ओळ कशाला?" असे विचारतात तेव्हा दोघेही जमिनीकडे पाहू लागतात. आता तर प्रश्न सांगितला की संपूर्ण आज्ञावली लिहून देणारी साधने तुमच्या हातातील मोबाईलवर आलेली आहेत. ती वापरूच नका, असा उपदेश मी करणार नाही. मीही वापरतो. मात्र त्या साधनाने लिहून दिलेली ओळ शहात्तर दाण्यांना शून्य म्हणते की नाही, हे ज्याला शहात्तर दाणे दिसतात त्यालाच तपासता येईल. बियाणे टाकून द्यावयाचे की पेरावयाचे, हा निर्णय ज्या शेतकऱ्याने तुमच्या आज्ञावलीवर सोपविला, त्याच्यापुढे साधनाचे नाव सांगून चालणार नाही.

म्हणून एक छोटे काम सांगतो आणि थांबतो. घरी जाणाऱ्यांनी सोयाबीनचे आणि वसतिगृहात राहणाऱ्यांनी किराणा दुकानातून आणलेल्या मुगाचे शंभर दाणे आज रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. रोज सकाळी उघडून पाहावे आणि किती कोंब आले ते तारखेसह वहीत लिहावे. कोणता कोंब धरला, कोणता सोडला आणि का, तेही लिहावे. पुढील आठवड्यात ती वही घेऊन प्रयोगशाळेत यावे. टक्केवारीची आज्ञावली तुमच्या अध्यापकांच्या देखरेखीखाली प्रत्येकाने आपल्याच आकड्यांवर लिहावयाची आहे, शेजाऱ्याचे आकडे निराळे असल्यामुळे उतरवून घेण्याचा प्रश्नच येणार नाही. अध्यापकांनी मलाही बोलावले आहे. माझे मूग मी काल रात्रीच भिजत घातले आहेत.